गोणी भरून

माझ्या तोंडून फुकट काही निघत नाही, असं माझी बायको म्हणते. खरं आहे. भाव ठरवताना मी आधी समोरच्याला बोलू देतो, स्वतः गप्प राहतो. तसाच या एका गोष्टीबद्दल गप्प राहिलो — बायकोसमोरही. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्येच बोलणार नाही. मध्ये कुणी बोललं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मी खोटं बोलतो. हे आधीच सांगून ठेवतो.

माझा धंदा तुम्ही ऐकलेला नसेल. मी कॉलेजांना झाडपाला पुरवतो. वनस्पतीशास्त्राच्या मुलांना प्रॅक्टिकलला काप घ्यायला, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला रोज ताजी झाडं लागतात — कुणाला शेवाळ, कुणाला नेचं, कुणाला कळी-फूल-फळ सगळं असलेली एकच फांदी. या मालाला आमच्यात ‘मटेरियल’ म्हणतात. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आणि खाली चेंबूरपर्यंत अनेक लॅबांत मी ‘मटेरियलवाले काका’ आहे. नाव वसंत घाडी. शाळा नववीत सुटली. पण बोरिवलीच्या जंगलात पावसाळ्यात कुठल्या दगडाखाली काय उगवतं, हे मी पायांनी शिकलो. कुणी शिकवलं नाही. कुणी पोसलंही नाही.

या धंद्याचा एक नियम आहे: माल कुठून आणला ते कधीही खरं सांगायचं नाही. सांगितलं तर उद्या कॉलेजचा शिपाईच तिथे जाऊन उपटून आणेल, मग तुमचा काय उपयोग? त्यामुळे मी येऊरचं बोरिवलीचं म्हणून सांगायचो आणि आरेचं गोरेगावच्या पलीकडचं. जितकं लांबचं गाव, तितका भाव बरा. यात पाप आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही, एवढ्यापुरतं, वाटत नाही.

मी वळसे घेतोय — कळतंय मला.

एका कॉलेजात प्रभुदेसाई नावाचे सर होते. त्यांना वाळवलेल्या झाडांचा संग्रह करायचा नाद. मी आणलेल्या प्रत्येक झाडाची एक फांदी ते वर्तमानपत्रात दाबून वाळवत, जाड कागदावर चिकटवत, आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावत — झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, संग्राहक. ठिकाण मला विचारत. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरातून घेत. आणि संग्राहक म्हणून स्वतःचं नाव लिहीत.

काटे माझ्या हातात मोडलेले, आग्या माश्या मला चावलेल्या. एकदा मी म्हटलं, “सर, एखाद्या कागदावर माझंही नाव टाका ना.” सर हसले. लॅबमधली मुलं ऐकत होती. सर म्हणाले, “घाडी, चिठ्ठीवर संग्राहकाचं नाव जातं. हमालाचं नाही.”

मुलं हसली. मी पण हसलो. माल ठेवला, पैसे घेतले, आणि जिना उतरेपर्यंत दात आवळून होतो. त्या दिवसापासून त्या सरांना एकही ठिकाण खरं सांगायचं नाही, असं ठरवलं. आधी धंद्यासाठी खोटं सांगत होतो, आता रागानं सांगायला लागलो. तुम्हाला फरक कळतो? धंद्याचं खोटं माणूस मोजून-मापून बोलतो. रागाचं खोटं बोलायला मजा येते.

आता त्या झाडाकडे येतो.

साल्व्हिनिया म्हणून पाण्यावर तरंगणारं एक नेचं आहे. पानं नखाएवढी, वर बारीक लव, पाण्याचा थेंब त्यावर टिकत नाही, घरंगळतो. दिसायला फार गोड. ते आपल्याकडचं नाही, दूरच्या देशातून आलेलं आहे, आणि एकदा तळ्यात शिरलं की आठवडाभरात दुप्पट होतं, पाण्यावर गोधडी पसरते आणि खालचं सगळं गुदमरतं — हे मला खूप नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की परीक्षेला ते सगळ्या कॉलेजांना लागतं आणि शोधायला गेलं तर मिळत नाही. एका शोभेचे मासे विकणाऱ्याच्या काचेच्या पेटीत मला ते दिसलं. मूठभर मागून घेतलं. घाटकोपरला डोंगरावर आमची खोली आहे, तिच्या मागे एक तडा गेलेली सिमेंटची टाकी पडून होती. तिच्यात सोडलं. महिन्याभरात टाकी हिरवीगार.

पण घरामागे उगवलेल्या मालाला भाव कोण देणार? सरांनी विचारलं, “कुठलं हे?” मी म्हटलं, “मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी खिंडीचं तळं आहे ना, तिथलं.” सरांनी लिहून घेतलं.

खिंडीचंच तळं का सांगितलं? कारण खरोखर तिथे माझं जाणं-येणं होतं. कमळं घ्यायला. खोटं सांगताना त्यात थोडं खरं मिसळलं की पचतं.

ते तळं भानुमावशी सांभाळायची. सख्खी मावशी नव्हे. ती माझ्या आईच्या गावची, मालवणकडची, दोघी एकाच सुमारास लग्न होऊन मुंबईत आलेल्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर दोघं मुलुंडला मावशीच्या दिराच्या आसऱ्याला गेली, आणि नवरा लवकरच वारला. मावशीनं तिथल्या गावकऱ्यांना विचारून तळ्यात कमळाचे कंद लावले. नवरात्रात, दिवाळीला फुलं विकायची. कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून देठ असा हलकेच खुडायची, की शेजारची कळीही हलू नये. मला परीक्षेसाठी पानं, देठ, कंद लागायचे. ते ती द्यायची आणि वर चहा पाजायची. “काय रे वसंता, तुझी पोरा कमळ कापूनच शिकतंत काय?” म्हणायची. घासाघीस मी तिच्याशीही करायचो. ती करू द्यायची.

माझा एक नियम आणखी होता: गोणपाट कायम ओला ठेवायचा, म्हणजे माल कोमेजत नाही. मावशीकडे गेलो की आधी गोणपाट तळ्यात बुडवायचो. आदल्या दिवशी त्याच गोणपाटातून मी टाकीतलं साल्व्हिनिया कॉलेजात पोचवलेलं असायचं.

कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं होतं. काही वर्षांनी तळ्याच्या पायरीशी नखाएवढी चार पानं तरंगताना मी पाहिली. त्यांवरून थेंब घरंगळत होता. मावशी म्हणाली, “ह्या काय इला रे नवीन?” मी म्हटलं, “शेवाळ असेल.” आणि कमळं मोजायला लागलो.

मग मावशीचं ते रोजचं काम झालं. सकाळी कमळं, दुपारी ते नेचं. टोपलीनं काढायची, काठावर आणून टाकायची. काठावर तिच्या झोपडीशेजारी त्याचा वाळलेला ढीग कमरेएवढा झाला. ती हरली नाही, पण जिंकलीही नाही. मी येत-जात बघत होतो. टाकी मी मोडली का? नाही. सीझन चालू होता.

हे सगळं सांगितलं तरी मूळ गोष्ट अजून आलेली नाही.

प्रभुदेसाई सर निवृत्त झाले, पुढे वारले. त्यांच्या कपाटातले कागद तसेच पडून होते. मग मृणाल नावाची एक मुलगी आली — त्याच कॉलेजात शिकलेली, आता संशोधन करणारी. परदेशी झाडं मुंबईच्या उपनगरांत कुठून कुठे पसरली याचा नकाशा ती करत होती, आणि तो या जुन्या कागदांवरून. प्रत्येक कागदाचं ठिकाण म्हणजे नकाशावर एक ठिपका. जितकी जुनी तारीख, तितका गडद लाल. अलीकडचे फिके. गडदाकडून फिक्याकडे बघत गेलं की झाड कसं चालत गेलं ते दिसतं. हुशारीचं काम. फक्त एकच गोष्ट त्यात गृहीत होती — चिठ्ठी लिहिणाऱ्याला कुणी खोटं सांगितलेलं नाही.

ती मला शोधत घाटकोपरला आली. सरांच्या वेळचा लॅब असिस्टंट तिला म्हणाला होता, की हे सगळं खरं तर मटेरियलवाल्या घाडींनी आणलेलं. आमच्या खोलीत बसून तिनं लॅपटॉप उघडला. नकाशा दाखवला. एका ठिपक्यावर बोट ठेवलं तर छोटी चौकट उघडली. त्यात लिहिलं होतं — संग्राहक: वसंत घाडी.

“सरांचं नाव काढलं?” मी विचारलं.

“काढलं नाही काका. त्यांनी ओळखलं, तुम्ही गोळा केलं. दोन्ही लिहिलंय. जे खरं ते लिहायला नको?”

मी उठून मोरीत गेलो. तोंडावर पाणी मारलं. किती वर्षं झाली होती त्या हसण्याला — आणि आता माझं नाव, एका ठिपक्यावर नाही, शेकडो ठिपक्यांवर. बायकोनं विचारलं, डोळे का लाल झाले? म्हटलं, साबण गेला.

साल्व्हिनियाच्या नकाशावर सगळ्यात गडद लाल ठिपका खिंडीच्या तळ्यावर होता. तिथून नाल्यानं खाली, मग पुढच्या तळ्यांत — फिका, आणखी फिका. घाटकोपरला, माझ्या टाकीच्या जागी, काहीच नव्हतं. मृणाल ज्या खिडकीत बसली होती तिच्यामागे दहा पावलांवर ती टाकी होती.

त्याच सुमारास तळ्याच्या सुशोभीकरणाची टूम निघाली. कठडा, फरसबंदी, कारंजं. तिथल्या तळं समितीला ते हवं होतं आणि मावशीची कमळं मध्ये येत होती. कुणीतरी मृणालचा नकाशा समितीच्या सेक्रेटरीला, तुकाराम पाटलाला, दाखवला. पाटलाला तेवढंच पाहिजे होतं. नकाशा म्हणतो की ही परदेशी घाण पहिल्यांदा याच तळ्यात आली. तळ्यात बाहेरचे कंद कुणी आणून लावले? बाईनं. बाईच्या झोपडीशेजारी ढीग कशाचा आहे? त्याच घाणीचा. म्हणजे बाईच ती वाढवते आणि विकते. झालं, साखळी पुरी. बैठक बोलावली. मृणालला बोलावलं. तिनं मला यायला सांगितलं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बारीक होता.

“काका, मी तळ्यावर जाऊन आले. भानुमावशी म्हणतात, कागदावर तारीख आहे त्या काळात तळं स्वच्छ होतं. आणि त्या जुन्या कागदावरची पानं फार दाटीतली दिसतात, एखाद्या हौदात वाढल्यासारखी. ठिकाण सांगताना काही चुकलं असेल का?”

“चुकलं असेल तर काय होईल?”

“तो ठिपका काढावा लागेल. आणि एक ठिकाण भरवशाचं नाही म्हटल्यावर… तुमचे सगळेच कागद बाजूला ठेवावे लागतील. नियमच आहे तसा. पण सांगा काका. अजून वेळ आहे.”

बघा, किती सोपं करून दिलं होतं तिनं. एक “हो, चुकलं” म्हणायचं होतं. मी काय केलं? मी ओरडलो. मला खोटारडा म्हणतेस का, चार बुकं शिकलीस म्हणून, तुझ्या सरांनी हमाल म्हटलं, तू चोर म्हण — असं सगळं. ती माफी मागत राहिली. फोन ठेवला, आणि हा सगळा रागच आहे असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात बैठक. प्रोजेक्टरनं भिंतीवर नकाशा पाडलेला. लाल ठिपका ताटाएवढा मोठा. मावशी खांबाला टेकून बसलेली, धुतलेलं लुगडं नेसून. मृणालनं माझी ओळख करून दिली — “हे वसंत घाडी, हा संग्रह यांच्यामुळे झाला.” लोकांनी वळून पाहिलं. कुणीतरी खुर्ची दिली.

पाटलानं विचारलं, “घाडीसाहेब, हे पाण्यावरचं गवत तुम्ही त्या काळी याच तळ्यातून नेलं होतं ना?”

घाडीसाहेब.

मृणाल माझ्याकडे बघत होती. मावशी माझ्याकडे बघत होती. मला वाटतं मावशीला काळजी नव्हती. आपला माणूस आहे, खरं ते सांगेल, असं तिचं तोंड होतं.

मी म्हटलं, “हो. याच तळ्यातून.”

सौदा पक्का करताना वर एक वाक्य टाकायची मला सवय आहे, म्हणजे समोरच्याला माघार घेता येत नाही. तसं टाकलं — “गोणी भरून नेलं होतं.”

मावशी उठली. मोठ्यानं नाही, घरात विचारावं तसं म्हणाली, “वसंता, तू कमळा न्हेलंस. ह्या कधी न्हेलंस रे?”

आणि इथे — इथे मी आलोय इतका वेळ वळसे घेत. तळं गेलं असतं, जात होतंच कदाचित. ठिपका, चिठ्ठी, नकाशा, ते सगळं एकीकडे. सगळ्यांसमोर तिनं मला अडवलं, आणि माझं डोकं फिरलं. मी हसलो. सर हसले होते तसाच हसलो. म्हणालो, “मावशी, वय झालं तुझं. तुला आठवत नाही आता काही.”

लोक हसले. पाटील तर मांडीवर थाप मारून हसला. मावशी उभी होती ती खाली बसली.

तळ्याचं काम सुरू झालं. कंद उपटून ट्रकमध्ये भरले. मावशी मुलुंडच्या बाजारात दादरहून आणलेली कमळं घेऊन बसायला लागली. मी तो रस्ता टाळायचो. पण परीक्षा आल्या, देठ लागले, आणि एक दिवस गेलो. तिनं गोणपाट उघडून मला माल दिला. घासाघीस झाली नाही. मग तिनं माझी बाही धरली.

“खराच न्हेललंस काय रे, वसंता? मी लय इचार केलंय. माका आठवणा नाय.”

आजूबाजूला कुणी नव्हतं. ना पाटील, ना मृणाल, ना नकाशा. माझं नाव पणाला लागलेलं नव्हतं. रागही आलेला नव्हता. तेव्हा कशासाठी होतं ते? मला उत्तर ठाऊक आहे आणि ते चांगलं नाही: एकदा सांगितलेला भाव मी कधी खाली आणत नाही.

मी म्हटलं, “हो मावशी. नेलं होतं.”

त्यानंतर तिनं स्वतःवर विश्वास ठेवणं सोडलं. हे मला तिच्या मुलीनं, शैलानं, सांगितलं. चहात साखर घातली का, ते शेजारणीला विचारायची. दाराला कडी लावून चार वेळा परत यायची. हिशेबात कधी न चुकलेली बाई, गिऱ्हाइकाला म्हणायची, तूच मोज बाबा. शैला तिला चेंबूरला घेऊन गेली. “आई विसरायला लागली रे वसंतदादा,” म्हणाली. “त्या मीटिंगमध्ये तू बोललास ना, तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं.”

ती विसरत नव्हती. तिला सगळं आठवत होतं. मी तळ्यातून खरं काय नेलं होतं ते त्या सभामंडपात माझ्याशिवाय तिला एकटीलाच आठवत होतं.

मागच्या महिन्यात मी चेंबूरला गेलो. का गेलो ते सांगत नाही, कारण सांगायला गेलो होतो म्हणालो तर ते मोठेपण होईल, आणि मी सांगितलं नाही. दोन कमळं नेली होती. मावशी पलंगावर बसली होती, केस बारीक कापलेले. मला ओळखलं. फुलं मांडीवर घेतली, देठ चाचपला, कुठून खुडलाय ते बोटानं बघितलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. शैलाला हाक मारून बोलावलं, तिच्यासमोर मला म्हणाली,

“वसंता, आता माका आठवला. ती पाण्यावरची पानां तू न्हेलंस. गोणी भरून न्हेलंस. मीच तुका ती उचलूक हात लावलंय.”

शैला खूश झाली. “बघ, आठवलं की नाही आईला?” म्हणाली.

मावशी माझ्याकडे बघत राहिली, बरोबर सांगितलं ना, अशा नजरेनं.

मी मान हलवली.